पुसण्याचं पुण्य

सार्वजनिक पैसा जपून वापरावा, अशी अपेक्षा आपण प्रत्येक सार्वजनिक संस्थेकडून करतो. ती पुरी झाली की मात्र कौतुकाचा शब्दही काढत नाही. ब्रिटनच्या बीबीसीच्या वाट्याला ही उपेक्षा फार आली. 'डॉक्टर हू' ही विज्ञानकथा मालिका या संस्थेने २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू केली. १९६९पर्यंत तिचे २५३ भाग दाखवले आणि पुढच्या काही वर्षांत त्यांच्या टेप स्वतःच्याच हाताने पुसल्या. त्यांतले नव्वदहून अधिक भाग आजही हाती लागलेले नाहीत.

यामागचा हिशेब चोख होता. दोन इंची टेप महाग होती आणि पुसून पुन्हा वापरता येत होती. कलावंतांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे जुने भाग पुन्हा दाखवण्यावर बंधनं होती, आणि घरोघरी कॅसेट लावून बघण्याची सोय अजून यायची होती. जे पुन्हा दाखवायचं नाही, ते सांभाळायचं कशाला? काटकसरीच्या बैठकीत या प्रश्नाला उत्तर देणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

पण खरी दाद द्यायला हवी ती कामाच्या वाटणीला. अभियांत्रिकी विभाग टेप पुसत होता, कारण परदेशी विकण्यासाठी काढलेल्या फिल्मच्या प्रती विक्री विभागाकडे होत्या. विक्री विभाग त्या प्रती मोडीत काढत होता, कारण हक्कांची मुदत संपली होती आणि मूळ माल घरात कुणीतरी ठेवलाच असणार. फिल्म लायब्ररी फिल्मवरचं जपत होती. टेपवरचं तिच्या कक्षेत येत नव्हतं. कुणी नियम मोडला नाही, कुणी अधिकार ओलांडला नाही, आणि काम फत्ते झालं. या टेबलावरून त्या टेबलावर खेटे घातलेल्या आपल्यासारख्या नागरिकांना या व्यवस्थेची उंची समजावून सांगायला नको.

समीक्षेवर तर या धोरणाचे उपकार फार मोठे आहेत. १९८३ साली टलॉक आणि अल्वाराडो यांनी या मालिकेवर अभ्यासग्रंथ लिहिला आणि ती विद्यापीठांत मानाने वावरू लागली. अभ्यासाचा विषय डोळ्यांसमोर असला की नसते वाद निघतात: भिंत हलताना दिसते, नट वाक्य विसरलेला कळतो. १९६४च्या 'मार्को पोलो'ला ही भीती नाही. लखनौत जन्मलेल्या वारिस हुसेन यांनी दिग्दर्शित केलेल्या (मधला एक भाग वगळता) या कथेचे सातही भाग गायब आहेत. तिला निःशंकपणे अभिजात म्हणावं, खोडून काढणार कोण? १९६६ साली नायकाच्या भूमिकेतला विल्यम हार्टनेल जाऊन त्याच भूमिकेत पॅट्रिक ट्रॉटन आला. मालिका साठ वर्षं टिकली ती या एका युक्तीवर. ज्या भागात हा बदल घडतो, त्यातले बदलाचे काही क्षण तेवढे उरले आहेत. ट्रॉटनच्या पहिल्या कथेचे सहाही भाग नाहीत. नव्या नटाने जुन्या प्रेक्षकाला कसं आपलंसं केलं, हे ठरवताना समीक्षकाच्या प्रतिभेला आता कसलाच अडथळा नाही.

शिस्त मोडली ती इतरांनी. घराघरातली पोरं टीव्हीच्या स्पीकरसमोर मायक्रोफोन धरून, आईला गप्प राहायला सांगत, सगळा आवाज टेपरेकॉर्डरवर उतरवत बसली. त्यामुळे प्रत्येक हरवलेल्या भागाचा ध्वनी आज उपलब्ध आहे. जॉन क्युरा नावाच्या गृहस्थांनी तर चालू टीव्हीच्या पडद्याचेच फोटो काढून ठेवले. नायजेरियातल्या जॉस शहरातल्या टीव्ही केंद्राने बेजबाबदारपणाची हद्द केली: प्रती परत पाठवायच्या किंवा नष्ट करायच्या हा रिवाज असताना तिथे डबे धूळ खात पडू दिले, आणि त्यातून नऊ भाग परत मिळाल्याचं २०१३ साली जगाला कळलं. असल्या ढिलाईवर संस्था चालत नाहीत.

या बाबतीत आपणही मान खाली घालण्याचं कारण नाही. मुंबईत तयार झालेल्या 'आलम आरा'ची, देशाच्या पहिल्या बोलपटाची, एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली निघालं, म्हणजे हा बोलपट येऊन तेहतीस वर्षं झाल्यावर. घाई आपणही केलेली नाही.

काटकसरीचा लाभ तंत्रज्ञांनाही पोहोचला. सत्तरच्या दशकातले काही रंगीत भाग फक्त कृष्णधवल फिल्मवर उरले. रंगाच्या संकेताने त्या फिल्मवर बारीक ठिपक्यांची जाळी सोडली होती. ती एकेका चौकटीतून वाचून अभियंत्यांनी 'द माइंड ऑफ ईव्हिल'च्या बहुतेक भागांचे रंग परत मिळवले; पहिल्या भागात ठिपके सापडेनात, तेव्हा तो हाताने रंगवला. एका टेपची किंमत वाचवल्यामुळेच इतक्या कुशल हातांना हे काम मिळालं.

आणि बीबीसीने २०१६ साली ट्रॉटनची ती पहिली कथा, पोरांनी वाचवलेल्या आवाजावर, चित्रं काढून पुन्हा तयार केली. १९६६ साली परवाना शुल्क भरून जिने ती कथा एकदा पाहिली होती, त्या जनतेला पन्नास वर्षांनी तीच कथा डीव्हीडीवर विकत घेण्याची संधी मिळाली.