पाच मिलिमीटर कमी

गाडीची लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत असेल, तर जीएसटी १८ टक्के, त्यापुढे ४०. म्हणून कंपन्या गाडी ३,९९५ मिलिमीटरवर आणून थांबवतात. शिंप्यानेसुद्धा लाजावं असं माप! गिऱ्हाइकाला मात्र ‘मोठी गाडी’च हवी. मग तिला सनरूफ बसतं. मे महिन्यात ते उघडायची पुण्यात कुणाची छाती नाही. पडदा ओढायचा आणि एसी फुल्ल. पावसाळ्यात एकदा लोणावळ्याला जाताना पोरगं त्यातून मुंडकं बाहेर काढतं. झाले पैसे वसूल! हप्ते अजून सहा वर्षं.

थोरले चिरंजीव मागच्या सीटवर मोबाइलवर बीजीएमआय खेळतात. खेळ फुकट, पैसे पडतात ते त्यातल्या शिपायाच्या झगमगीत कपड्यांचे. ते घालून गोळी काही कमी लागत नाही. वडील कडाडतात, “खोट्या कपड्यांना खरे पैसे?”

याच वडिलांनी शोरूममध्ये काळ्या रंगाच्या ‘स्पेशल एडिशन’साठी हसत हसत तीस हजार जास्त मोजले होते. इंजिन तेच, १,१९९ सीसीचं.