पडद्यामागचे नाना

नाना टीव्ही बघत नाहीत, टीव्हीचा पडदा बघतात. नंदुरबारात कुणाच्याही घरी गेले की चपला काढायच्या, भिंतीकडे निरखून पाहायचं आणि पाण्याचा पेला हातात येण्याआधी विचारायचं, "पॅनल आयपीएस की व्हीए?" पुतणीच्या सोयरिकीसाठी शहाद्याला गेलो, तेव्हा मुलाच्या पगाराआधी त्यांनी हेच विचारलं. मुलाचे वडील गडबडले. म्हणाले, "नाही नाही, बीएस्सी झालाय तो."

प्रश्न तसा वायफळ नाही. आयपीएससमोर कडेला बसलं तरी रंग टिकतात. व्हीएचा काळा जास्त गडद, पण कडेने पाहणाऱ्याला चित्र फिकं दिसतं. मॅचला अर्धी गल्ली येऊन खाटेपासून उंबऱ्यापर्यंत बसते, अशा घरात हा फरक पडतोच. अडचण एवढीच, की नाना तो मॅच चालू असताना समजावतात. 29 जून 2024 ची रात्र. विश्वचषकाची अंतिम लढत, शेवटचं षटक, आणि सीमारेषेवर सूर्यकुमारने मिलरचा तो झेल घेतला. पाय दोरीला लागला की नाही, म्हणून घर श्वास रोखून रिप्ले बघतंय. नाना उठले, पडद्याजवळ गेले आणि म्हणाले, "ह्याच्यावर काहीच ठरवता येणार नाही. साठ हर्ट्झचं पॅनल आहे. बुटामागे शेपूट येतंय बघा." त्या रात्री भारत जिंकला म्हणून नाना वाचले.

नानांचं सगळं तत्त्वज्ञान काळ्या रंगावर उभं आहे. "एलईडी म्हणून विकतात तो मुळात एलसीडीच, भो! पूर्वी मागे बारीक ट्यूबलाइट असायच्या, आता एलईडी लावले, एवढंच. मागचा दिवा चालूच. काळं दाखवायचं म्हटलं तरी उजेड झिरपतो आणि त्याचं राखाडी होतं." ओएलईडीचं नाव निघालं की मात्र आवाज हळवा होतो. तिथे मागे दिवाच नाही. 4केच्या पडद्यावर सुमारे 83 लाख ठिपके, प्रत्येक स्वतः उजळणारा, स्वतः विझणारा. "मग घेऊन टाका ना," असं कुणी म्हटलं की नाना आवाज खाली आणतात. "एकच चॅनल रोज तासन् तास चाललं तर कोपऱ्यातलं चिन्ह कायमचं उमटायची भीती. तुझ्या काकूचं चॅनल बदलतं का कधी?"

त्यांचं पहिलं प्रेम प्लाझ्मा. काळा उत्तम, वेगवान चित्र स्वच्छ, पण वीज फार खायचा. घ्यावा की न घ्यावा ह्याचा विचार चालू असतानाच 2013 सरता सरता पॅनासॉनिकने तो बनवणं थांबवलं आणि वर्षभरात सॅमसंग-एलजीनेही. दुसरा कुणी हळहळला असता. नाना मिटक्या मारत म्हणाले, "बघितलंत? घेतला असता तर फसलो असतो!" पुढच्या सगळ्या वर्षांना हे एक वाक्य पुरलं.

दुकानात जाताना ते सदऱ्याच्या खिशात सुकी लाल मिरची ठेवतात. नंदुरबारचा माणूस, उन्हात पसरलेल्या मिरचीच्या पथाऱ्या बघत वाढलेला. लाल रंगाच्या बाबतीत त्याला शिकवायला कंपनीने येऊ नये. मिरची पडद्याला लावून धरायची. एका टीव्हीपुढे निकाल, "ही फटकी." दुसऱ्यापुढे, "हिला रंग मारलाय." ह्यातही ते चुकत नाहीत, दुकानात चित्र भडक करूनच ठेवलेलं असतं. पोऱ्याने भीत भीत क्यूएलईडी दाखवला. नानांनी मिरची खिशात घातली आणि त्याला खुर्चीवर बसवलं. हा ओएलईडीचा भाऊ नव्हे, मागे दिवा असलेला एलसीडीच, फक्त मधे क्वांटम डॉटचा थर. त्याने लाल-हिरवा निर्मळ होतो. ह्याच डॉटना 2023 चं रसायनशास्त्राचं नोबेल. ऐकायला आणखी चार गिऱ्हाइकं जमली आणि चारही जण "विचार करतो" म्हणून निघून गेले. तेव्हापासून दुकानदार नानांना दिसताच बाहेरच्या बाकावर चहा पाठवतो.

22 सप्टेंबर 2025 ला 32 इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. गल्लीने विचारलं, "नाना, आता?" "आता तर मुळीच नाही. मिनी एलईडीत मागचे दिवेच लाल-हिरवे-निळे येतायत. थांबा." नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे, नानांचा प्रत्येक निर्णय तिथल्या बाकावर बसल्यासारखा असतो. घरात मात्र पिक्चर ट्यूबचा जुना डबा. सगळ्यांचे चेहरे हिरवट. "पण काळा बघा त्याचा," नाना म्हणायचे.

दिवाळीआधी भाव काढायला ते सुरतेला गेले. परतले तर भिंतीवर 43 इंची टीव्ही, समोर काकू, शेजारच्या दोघीजणी आणि मालिका रंगात आलेली. डबा ओट्यावर, त्यावर वाळवणाचं ताट.

"कोणता घेतला?" नानांचा आवाज कापरा झाला होता.

"काय की. दुकानात कोपऱ्यात होता."

"पण का? तोच का?"

काकूंनी पडद्यावरची नजर न हलवता सांगितलं, "त्याला तुम्ही अजून नावं ठेवली नव्हती."

नानांनी पिशवी खाली ठेवली, खिशातली मिरची चाचपली आणि पुढे सरकले.

"बाजूला व्हा," काकू म्हणाल्या, "दिसत नाही."