येऊन राहिलो न!

मराठीत काळ तीन. नागपुरात चौथा आहे: 'येऊन राहिलो'. पुण्याच्या पाहुण्याला वाटतं, माणूस येऊन इथंच मुक्कामाला राहिला. तसं नसतं. साधा माणूस 'येऊन राहिलो' म्हणाला तर तो खरंच वाटेत असतो, फार तर चौकात पानठेल्यावर थांबलेला असतो. प्लंबर म्हणाला तर मात्र तो बेलतरोडीला एखाद्या फ्लॅट स्कीमच्या तिसऱ्या मजल्यावर असतो. हे मला फोनमधून येणाऱ्या हातोड्याच्या आवाजावरून कळतं.

माझ्या फोनमध्ये सात प्लंबर आहेत. 'प्लंबर जुना', 'प्लंबर मेडिकल चौक', 'प्लंबर स्वस्त', 'प्लंबर स्वस्त नाही', 'प्लंबर ताईने दिलेला', 'प्लंबर नको' आणि 'भाऊ'. यातला 'प्लंबर नको' टाइल फोडून 'बुधवारी येतो' म्हणून गेला. कोणत्या बुधवारी, ते ठरलं नव्हतं. त्याचा नंबर मी खोडलेला नाही. का, ते शेवटी सांगतो.

सहा जणांना वळसा घालून माणूस अखेर भाऊंकडेच येतो. भाऊ पन्नाशीचे. खांद्यावर खताच्या पोत्याची शिवलेली थैली, तीत दोन पाइप पाने, छिन्नी, हातोडा, करवतीचं पातं आणि सायकलच्या ट्यूबचे कापलेले पट्टे. हे पट्टे म्हणजे भाऊंचं रामबाण औषध. गळत्या जागेवर पट्टा करकचून आवळायचा आणि मग त्याच्याकडे पाहायचं नाही. आपणही नाही अन् घरच्यांनीही नाही.

आल्या आल्या भाऊ नळाकडे जात नाहीत. आधी पंख्याखाली बसतात. मी दुखणं सांगायला लागलो की हात वर करून थांबवतात. डॉक्टर नाही का, रोगी बोलायला लागला की थर्मामीटर तोंडात घालत. मग भिंतीला कान लावतात, ओल बोटाने चाचपतात आणि ठरलेला प्रश्न टाकतात, "हे काम कोणं केलं जी?"

"तुम्हीच. मागच्या दिवाळीत."

"मंग तरीच इतके दिवस टिकलं."

यानंतर सामान. यादी भाऊ तोंडी सांगतात आणि मी नळाच्या रिकाम्या खोक्यावर लिहून घेतो. अर्धा इंची एल्बो चार, टी दोन, टेफ्लॉन एक, सोल्युशनची डबी. दुकानदार विचारतो, सीपीव्हीसी की यूपीव्हीसी? एमटीए की एफटीए? ब्रासचा की साधा? मी अर्थशास्त्रात एम. ए. आहे, याचा त्या काउंटरवर काडीचा उपयोग होत नाही. मी भाऊंना फोन लावतो. फोन थैलीत वाजतो, थैली बाथरूममध्ये, भाऊ हॉलमध्ये चहा पीत असतात. दोन चकरा झाल्या की कळतं, आत जुना जीआयचा पाइप आहे आणि त्याला पाऊण इंची युनियन लागते, ती मिळाली तर इतवारीत लोहा ओळीतच मिळेल. मग तिसरी चकर इतवारीची. परत येईस्तोवर भाऊ गेलेले असतात. बायकोला सांगून गेलेले असतात, "वहिनी, भाऊ आले की फोन करा, मी येऊनच राहिलो."

खरं म्हणजे आपल्या शहरात पाण्याची वाट काही सोपी नाही. पेंचचं पाणी नवेगाव खैरीच्या धरणातून निघतं, चाळीसेक किलोमीटर येतं, गोरेवाड्याला शुद्ध होतं, जलकुंभात चढतं, आणि रस्ता न चुकता माझ्या गच्चीवरच्या काळ्या टाकीपर्यंत पोचतं. तिथून बाथरूमच्या नळापर्यंत बावीस फूट. या बावीस फुटांत ते हरवतं. सध्या ते माझ्या देवघराच्या भिंतीत आहे.

पण भाऊंचं गाजलेलं काम म्हणजे बाथरूमची नवी लाइन. ही लाइन टाकली एप्रिलात, आणि इथंच गोम आहे. नागपूरचा एप्रिल म्हणजे दुपारी गार पाण्याच्या नळाखाली भांडं धरून चहापत्ती टाकावी. याच गावात 2013 च्या मे महिन्यात पारा 47.9 ला टेकला होता. इथं होळी झाली की गिझर बंद होतो, कुलरला नव्या ताट्या लागतात आणि नळाला गरम-थंड हा भेद उरत नाही. दोन्ही नळांतून सारखंच कढत पाणी आलं, आम्ही खूश. पावसाळ्यात दोन्हींतून सारखंच कोमट आलं, तरी खूश. नोव्हेंबर सरता सरता गिझर सुरू केला, तर लाल खुणेच्या नळातून बर्फ, निळ्यातून वाफ.

हे एवढ्यावर राहिलं असतं तर चाललं असतं. सासरे रामटेकहून आले होते. पहाटे उठले, संडासात गेले, फ्लश ओढला. बाहेर आले तेव्हा चष्म्यावर धुकं होतं. म्हणाले, "जावईबापू, तिथंही गरम पाणी? लय खर्च केला."

भाऊंना बोलावलं. ते आठवड्याने आले. सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "आठ महिने तर चाललं न भाऊ?"

"चाललं."

"मंग?"

मग त्यांनी दोन्ही नळांच्या डोक्यावरच्या लाल-निळ्या चकत्या नखाने उचकटल्या, अदलाबदल करून परत दाबून बसवल्या आणि हात धुतले. "झालं. दोनशे द्या."

"आणि फ्लशचं?"

"थंडीत बरं असते ते."

मी दोनशे दिले. का दिले, हे बायको अजून विचारते.

तिला मी एकदा नीट समजावायचा प्रयत्न केला. आयटीआयमध्ये प्लंबरचा एक वर्षाचा कोर्स आहे. तो करून निघालेला पोरगा आपल्या वॉशरसाठी चाळीस पायऱ्या का चढेल? शहराच्या चारही अंगांना फ्लॅट स्कीमा उभ्या होऊन राहिल्या आहेत. तिथं एका ठेक्यात साठ-सत्तर बाथरूम, एकच मालक, एकच हिशेब. आपलं काम म्हणजे अर्धा दिवस, तीन चकरा, चार सल्ले आणि वर 'दोनशे जरा जास्त नाही झाले?' भाऊ स्कीमवरच्या जेवणाच्या सुट्टीत आपल्याकडे येतात, हा त्यांचा उपकार आहे. बायको म्हणाली, "मग देवघराच्या भिंतीत पाणी कोणाच्या उपकारानं आलं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

एकदा बंडही करून पाहिलं. 'ताईने दिलेला' बोलावला. मुलगा हुशार, टापटीप, मीटरटेप घेऊन आलेला. त्याने नकाशा मागितला. कसला? पाइप भिंतीतून कुठून कुठे गेले, त्याचा. मी घराची रजिस्ट्री काढली, मंजूर नकाशा काढला, त्यात संडास होता, पण पाइप नव्हते. त्याने अंदाजाने छिन्नी मारली. पहिल्या ठोक्याला काही नाही. दुसऱ्याला विजेची नळी. तिसऱ्याला कारंजं. मुख्य वॉल्व फिरवला तर तो हातात आला.

भाऊंना फोन केला. त्या दिवशी ते 'येऊन राहिलो' म्हणाले नाहीत. नुसतं "हो" म्हणाले आणि वीस मिनिटांत आले. सरळ गच्चीवर गेले, टाकीमागच्या, मला कधी न दिसलेल्या एका वॉल्ववर पाना चढवला आणि पाणी थांबवलं. खाली येऊन टाइलवर बोटाच्या पेराने टकटक करत म्हणाले, "इथून उतरला. इथं वळला. बीमपाशी मंग वर गेला, कारण तवा तुमचे बाबा म्हणे, खिडकी फोडू नको." बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. आमच्या घराचा नकाशा कागदावर कुठेही नाही. तो या माणसाच्या डोक्यात आहे आणि तो डोकं घेऊन बेलतरोडीला फिरतो.

देवघराची ओल तेवढी राहिली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत मारबत, म्हणजे गावाची इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक, पाहायला गेलो. काळी अन् पिवळी समोरासमोर आल्या, गर्दी आपापली इडापिडा ओरडून सांगत होती. कोणी महागाई, कोणी डेंगू. मीही गळा काढला, "पाणीगळती घेऊन जाय गे मारबत!" पाठीवर थाप पडली. वळून पाहतो तर भाऊ, खांद्यावर नातू, तोंडभर हसू. म्हणाले, "भाऊ, मी तुमच्याकडेच येऊन राहिलो होतो."

आता उन्हाळा तोंडावर आहे. महिनाभरात घरोघरचे कुलर उतरतील, त्यांना नळ्या लागतील, टाक्यांचे बॉलकॉक अडकतील आणि अख्खी गल्ली प्लंबर शोधत फिरेल. परवा समोरच्या घरचे आलेच, "एखादा चांगला प्लंबर असेल तर नंबर द्या न." मी जराही कचरलो नाही. फोन काढला आणि 'प्लंबर नको'चा नंबर दिला. तुम्हालाही हवा असेल तर तोच आहे.