शून्याचे मानकरी

आमच्या विसरवाडीची पोरंही आता इंजिनिअरिंगला जातात, त्यामुळे श्रेयांक म्हणजे काय ते गावालाही कळू लागलंय. गणिताला चार. वर्कशॉपमध्ये लोखंडाचा तुकडा कानशीनं घासघासून चौकोनी करायचा, त्यालाही श्रेयांक. आणि भारतीय संविधानाला शून्य.

हे शून्य साधंसुधं नाही बरं! विषय सक्तीचा, हजेरी सक्तीची, उत्तीर्ण होणंही सक्तीचं. नाही झालात तर पदवी अडते. फक्त त्याची किंमत शून्य. पाहुण्याला आग्रह करकरून पाटावर बसवायचं आणि ताटच वाढायचं नाही, त्यातली गत. शिकवायला तासिका तत्त्वावरचे एक गरीब सर. संविधान, पर्यावरण, मानवी मूल्यं आणि मुलाखतीला टाय कसा बांधावा, हे चारही विषय त्यांच्याकडेच, कारण ही सगळी 'नुसती बोलायची' कामं. तास शनिवारी, जेवणानंतर. परीक्षेत चार पर्याय. संविधान कधी स्वीकारलं? 26 नोव्हेंबर 1949. बरोबरची खूण. झाला नागरिक तयार!

आता हा तयार माल जातो कुठे? आमच्याकडेच येतो. कोंडाईबारी घाट उतरला की आम्ही. सुरत-धुळे महामार्ग आमच्या अंगावरून जातो, त्याच्या चौपदरीकरणाला मोजणी करणारं कुणीतरी लागतंच. साहेब तिपाईवर यंत्र लावतात, एक डोळा मिटतात. त्यांना मिलिमीटरचा फरक दिसतो, पण शेतात उभी असलेली बाई दिसत नाही. ती आमच्या मावची बोलीत विचारते, जमीन घेताय, ते कुणाला विचारून? साहेब मदतनिसाला म्हणतात, "काय म्हणतेय ती? बाजूला व्हायला सांग, रेषेत येतेय." अहो, ती रेषेत येत नाहीये, तुमची रेषा तिच्या वावरात आलीय! आणि ती जे विचारतेय ते तुमच्याच अभ्यासक्रमात होतं. आमचा नवापूर तालुका अख्खा अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखाली. प्रकल्पासाठी इथली जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी सल्लामसलत करायची, असं 1996 चा पेसा कायदा सांगतो. जंगलजमीन असेल तर 2006 चा वनहक्क कायदा आहेच. शनिवारी जेवणानंतर हे सगळं सांगून झालं होतं. तुम्ही पेंगत होता. पेंगणार नाही तर काय करणार? विद्यापीठानंच सांगितलं होतं, याला शून्य.

थट्टा पुरे. शेजारच्या गुजरातेतलं उकाई धरण 1972 मध्ये पूर्ण झालं आणि त्याचं पाणी आमच्या तालुक्यातल्या गावांतही शिरलं. तेव्हा पेसा नव्हता. आज आहे, आणि ज्यानं तो पाळायचा त्याला तो शिकण्याबद्दल अर्धा श्रेयांकही द्यायला विद्यापीठाचा हात धजत नाही. वर दीक्षान्त समारंभात 'समाजाभिमुख अभियंता' म्हणून अर्धा तास भाषण! समाज कुठल्या सत्रात शिकवला, ते एकदा सांगा. काँक्रीटचा घनसुद्धा दाबून तपासल्याशिवाय तुम्ही पास करत नाही. माणसांशी बोलायची पात्रता मात्र चार पर्यायांवर!

म्हणून कुलगुरूंना विनंती, या विषयाची परीक्षा आमच्या ग्रामसभेत घ्या. पोरानं उभं राहून आपला प्रकल्प मावचीत, नाही जमलं तर सोप्या मराठीत समजावून सांगावा, हरकती ऐकाव्यात, लिहून घ्याव्यात. पास-नापास गाव ठरवेल. परीक्षक आम्ही देऊ, मानधन तासिका तत्त्वावर चालेल. फक्त शनिवारी जेवणानंतर ठेवू नका. तेव्हा आम्हीही झोपतो.