सातशे दोनचं 'तसं बरंय'

आमच्या पुनावळ्यातल्या सोसायटीत माणसांना नावं नसतात, फ्लॅट नंबर असतात. म्हणून या गृहस्थांना मीही सातशे दोनच म्हणेन. असे सातशे दोन प्रत्येक सोसायटीत सापडतात. मजला तेवढा बदलतो.

ओळखायचे कसे? 'मुलीची नवी शाळा कशी आहे हो?' असं विचारून बघा. सातशे दोन आधी चष्मा काढतात. शर्टाच्या टोकाला पुसतात. पुन्हा घालतात. तोवर लिफ्ट येते. दार मिटता मिटता आतून उत्तर येतं, "तसं बरंय."

या 'तसं'च्या पोटात काय काय आहे ते मला ठाऊक आहे. कारण रात्री साडेदहाला, गच्चीवर, पाण्याच्या टाकीआड ते मला ऐकवलं जातं.

दीड वर्षापूर्वी रस्त्यावर भलं मोठं होर्डिंग लागलं. पुढे हसरी मुलं, मागे निळाशार तलाव, त्याच्याही मागे पांढरा घोडा. शाळा तेव्हा पत्र्याच्या कुंपणाआड, पायाच्या खड्ड्यात होती. शेजारच्या एसी कंटेनरमध्ये एका टायवाल्या पोराने सातशे दोनना कॉफी पाजली आणि म्हणाला, "सर, पहिल्या तुकडीच्या पालकांना आम्ही संस्थापक पालक म्हणतो." सातशे दोन घसरले ते इथे. त्यांना जन्मात कुणी गणेशोत्सवाचा खजिनदारसुद्धा केलं नव्हतं. चेक तिथल्या तिथे फाडला.

तर तलाव आहे. खोटं कशाला बोला? निळ्या फरश्या आहेत, शिडी आहे, खोलीचे आकडे आहेत. फक्त पाणी नाही. प्यायच्या पाण्यालाच जिथे टँकर लागतो, तिथे तलाव कोण भरणार! मुलं काठावर सतरंजीवर पालथी पडून हातपाय मारतात. डायरीत याला 'ड्राय स्विमिंग' म्हणतात. सातशे दोनच्या लेकीला त्यात ए प्लस आहे.

घोडाही आहे. दर शनिवारी येतो. पण तो मूळचा वरातीचा. तुळशीचं लग्न लागलं की घोडेस्वारीचा तास मुहूर्त बघून होतो, आणि डायरीत शिक्का येतो : 'आज अश्व उपलब्ध नाही.' एकदा तो सकाळी लवकर आला, कपाळावर आदल्या रात्रीचा गोंडा तसाच. प्रार्थनेला बाईंनी ढोलकीवर थाप मारली मात्र, घोडा नाचायला लागला. "दोन पायांवर हो!" हे सांगताना सातशे दोनचा आवाज फुटतो, हसू की रडू, अंधारात कळत नाही.

आणि पाटीवर 'सीबीएसई पॅटर्न'. पॅटर्न म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला लातूर आठवतं आणि तो पुढचं विचारतच नाही. शाळा मंडळाशी खरोखर संलग्न आहे का, हे सीबीएसईच्या संकेतस्थळावर नाव टाकलं की दोन मिनिटांत दिसतं. सातशे दोननीही पाहिलं. चेक वटल्यावर.

पैसे गेल्याशिवाय माणूस कायदा वाचत नाही, आणि गेल्यावर तो वकिलालाही आवरत नाही. आता २००९ चा शिक्षण हक्क कायदा त्यांना अथर्वशीर्षासारखा पाठ आहे. कलम १३, देणगी घ्यायची नाही. (यांच्या पावतीवर 'विकास निधी' आहे.) कलम १८, मान्यतेशिवाय शाळा चालवायची नाही, चालवली तर कलमातच १ लाखापर्यंत दंड. राज्याचा २०११ चा शुल्क विनियमन कायदा; वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत पालक-शिक्षक संघ. शाळेचा यू-डायस क्रमांक ११ आकडी, महाराष्ट्राचा असेल तर सुरुवात २७ ने. तो मागितला तेव्हा ऑफिसातून उत्तर मिळालं, 'प्रोसेसमध्ये आहे.'

"मग हे तीनशे चारना सांगा की," मी म्हटलं. "त्यांचं तिथंच घाटतंय."

टाकीआड शांतता. खाली पंप सुरू झाल्याचा आवाज.

फसलो हे कबूल करणं जड जातं, ते समजू शकतो. पण खरं कारण मला उशिरा कळलं. सोसायटीतून १२ मुलं झाली तर शाळेची बस गेटवर येणार होती. तेव्हा १० होती. तोवर सातशे दोन रोज सकाळी सात वाजता लेकीला अ‍ॅक्टिवावर पुढे उभी करून पुनावळ्याच्या अंडरपासमधून काढायचे. त्या अंडरपासमध्ये पावसाळ्यात एकदा उभं राहिलेल्या कुणालाही या माणसाला नावं ठेवायचा धीर होणार नाही.

शिवाय ते तत्त्वाचे आहेत. ओळखीचा पालक आणला तर फीमध्ये सूट मिळते. ती त्यांनी बाणेदारपणे नाकारली आहे. "मित्राच्या मानेवर सुरी ठेवून मी पैसे घेणार नाही," असं ते म्हणतात. म्हणजे सुरी ठेवायची ती फुकट.

इशारा देत नाहीत असंही नाही. अनधिकृत शाळांच्या यादीची बातमी आली, ती त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. रात्री साडेबाराला. चार मिनिटांनी डिलीट केली. सकाळी सगळ्यांना वाटलं, काहीतरी चावट पाठवलं असावं.

माझी मुलं कॉलेजात. मला सांगायला काय जात होतं? पण गच्चीवरचं खाली न्यायचं नाही, असा आपला मीही तत्त्वाचा निघालो.

मागच्या रविवारी तीनशे चार नवराबायको सातशे दोनकडे चौकशीला आले. मीही पोह्यांच्या वासाने गेलो होतो. वहिनींनी विचारलंच, "भाऊजी, अगदी खरं सांगा, शाळा कशी आहे?"

चष्मा निघाला. शर्टाचं टोक हातात आलं. आज लिफ्ट नव्हती. त्यांच्या ओठांवर काहीतरी आलंही असावं, पण त्याआधी त्यांची लेक खुर्चीवर चढली.

"काकू, आमच्याकडे घोडा आहे, पण तो लग्नाला गेलाय. आणि तलावात ना, पाणीच नाहीये. आम्ही आत बसून डबा खातो."

सातशे दोननी डोळे मिटले. सुटल्यासारखा चेहरा झाला त्यांचा.

वहिनींनी पोरीचा गाल ओढला. "बघा हो, किती धीट बोलते! आमची दोघं पाहुणे आले की पलंगाखाली जातात. शाळेचाच परिणाम हा!"

सोमवारी त्यांनी चेक दिला. तीनशे चारना जुळी आहेत. बस आता गेटवर येते.