सिस्टर, तोवर तेंदूपत्ता तोडा!

गडचिरोली जिल्ह्याचा छत्तीसगड आणि तेलंगणाशी पिढ्यान्‌पिढ्यांचा रोटी-बेटी व्यवहार आहे. प्राणहिता ओलांडून नवरी येते, तिचं आंदण येतं, मागाहून रुसलेले पाहुणेही येतात. नवरी नर्स असेल तर मात्र तिची नोंदणी नदीपलीकडेच राहते. ती आणायची तर आधी माहेरच्या नर्सिंग कौन्सिलने ना हरकत द्यायची, मग सासरच्या कौन्सिलने नाव चढवायचं. लग्नाला कोणाचीच हरकत नव्हती, एवढं कौन्सिलला पुरत नाही. त्यातून सासरचं कौन्सिल मुंबईला, म्हणजे जिल्ह्यातल्या सिरोंच्याहून सुमारे हजार किलोमीटरवर. हैदराबाद कितीतरी जवळ, पण ते पडलं माहेर.

मान्यताप्राप्त शिक्षण कुठल्याही राज्यात नोंदणीला पुरेसं आहे, हे १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्यानेच सांगून ठेवलंय. थोडक्यात, शिक्षण देशाचं आणि नोंदवही ज्या त्या राज्याची. २०२३ मध्ये संसदेने परिचर्येच्या राष्ट्रीय आयोगाचा नवा कायदाही केला. कायदे वेळेवर आले, आता फक्त ना हरकतीचा कागद यायचा आहे.

तोवर सिस्टरने करायचं काय? गरजूंसाठी आमचं हे मोफत मार्गदर्शन.

पहिला पर्याय, चंद्रपुरात एखाद्या खासगी दवाखान्याचं काउंटर. समोर उभ्या माणसाचा चेहरा पांढराफटक पडलाय, घाम फुटलाय, हे तुम्हाला दारातूनच कळेल. कळलं तरी नाडीला हात लावायचा नाही. नाव, वय, मोबाइल नंबर विचारायचा आणि आधार कार्डाची झेरॉक्स मागायची.

दुसरा पर्याय, शिकवणी. नर्सिंगच्या सीईटीची तयारी करणाऱ्या मुली गावोगावी आहेत. त्यांना शिकवा, पास करा, मार्गी लावा. उद्या त्यातली एखादी नदीपलीकडे लग्न करून गेली की रांगेत तुमच्या ओळखीचं कोणीतरी असेल.

तिसरा पर्याय आमचा आवडता, रानातला. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल वेचायचं, मे महिन्यात तेंदूपत्ता. पहाटे पानं तोडायची, ७० पानांचा पुडा बांधायचा, संध्याकाळी संकलनाच्या फळीवर मोजून द्यायचा. थेंब मोजून सलाईन सोडणाऱ्या हाताला ७० पानं काय जड आहेत? मुन्शी पुडा तपासेल, पण तुम्ही कुठल्या राज्यात शिकलात हे विचारणार नाही. जून लागला की हे काम संपतं. कागद येईल, अशी आशा धरायला मात्र पुढे अख्खा पावसाळा पडलेला असतो.

चौथा पर्याय आम्ही सुचवत नाही, नुसती माहिती देतो. पिशवीत स्टेथोस्कोप, चार बाटल्या आणि रंगीत गोळ्या घेऊन मोटारसायकलवर फिरणारा झोलाछाप डॉक्टर. त्याच्याकडे कुठल्याच राज्याची नोंदणी नसते, त्यामुळे ती बदलून घेण्याची कटकटही नसते. तुमची अडचण एवढीच की तुमच्याकडे नोंदणी आहे.

शेजारच्या म्हाताऱ्या विचारतीलच, "का व सूनबाई, बाटली लावता येते ना तुले?" येते. पण सूनबाईंनी म्हणायचं, "येते आजी, पण चालत नाही." आजीला वाटेल, पोरीच्या हाताला काही झालंय.

याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं, बाळांचे मृत्यू घटले, आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मधून ते जगाने वाचलं. शिकलेला हात बाळाच्या किती कामी येतो, हे ज्या जिल्ह्याने जगाला दाखवलं, तिथे तीन वर्षं जीएनएम केलेली बाई पानं मोजते आहे. तिने इंजेक्शन दिलं तर तो नियमभंग ठरतो. इंजेक्शनवाचून कोणी गेलं तर नियम शाबूत राहतो.

येण्या-जाण्यावर इथे बाकी कसली बंदी नाही. २०२१ मध्ये ओडिशाचे रानटी हत्ती छत्तीसगडमार्गे गडचिरोलीत शिरले. चंद्रपूरचे वाघ तेलंगणातल्या कवालच्या जंगलाकडे निघून जातात. मलेरियाचा डास तर हद्द कुठे आहे हेच जाणत नाही. यातल्या एकानेही मूळ राज्याची ना हरकत आणलेली नाही. हत्तींनी तर आल्या आल्या धान खाल्लं. सिस्टर बिचारी स्वतःचा डबा घेऊन आली असती.

उपाय नाही असं नाही. चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यातल्या १४ गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघेही हक्क सांगतात. तिथे अनेकांकडे दोन राज्यांची रेशनकार्डं आहेत, मतदार याद्याही दोन. महाराजगुड्यात तर एका घराच्या काही खोल्या महाराष्ट्रात आणि काही तेलंगणात आहेत. ताटकळलेल्या सिस्टरांनी तिथेच दवाखाना थाटावा. औषधं इकडच्या खोलीत, पेशंट तिकडच्या खोलीत. तपासणी आली की खुर्ची उचलून पलीकडे ठेवायची.

मतदाराचं एक नाव दोन राज्यांच्या यादीत सुखाने नांदतं, नर्सचं एक नाव एका यादीतून दुसरीत जाताना दमतं. तेव्हा सिस्टर, अर्जाचं काय झालं हे विचारत बसू नका. निवडणूक लागू द्या, यादीत नाव घालायला माणसं घरी येतील.