पीडीएफ करून द्या, भाऊ: नवशिक्यांसाठी संपूर्ण मार्गदर्शन

'फाइल पाठवा' म्हटल्यावर ज्यांना अजून नाडी बांधलेली फाइल आठवते, अशा जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या सज्जनांसाठी हे मार्गदर्शन आहे. तयारी फार नको. ओरिजनल कागद, आधारची झेरॉक्स, ओटीपी येतो तो मोबाइल, आणि तो मोबाइल ज्याच्या खिशात आहे तो मुलगा, एवढं जमलं की ई-सेवा सेंटरकडे निघा. पेन ड्राइव्ह नेऊ नका. व्हायरसच्या भीतीने सेंटरवाला त्याला हात लावत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर टाका म्हणतो.

आधी सिद्धान्त. वर्डची फाइल दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडली की मजकूर सरकतो, आणि लग्नपत्रिकेतलं 'आपले नम्र' पुढच्या पानावर एकटंच जाऊन बसतं. ज्या फाइलीत असं होत नाही, पान जिथल्या तिथे राहतं, तिच्याबद्दल आपण बोलतोय. धुळेकरांना ही कल्पना समजावून सांगायला नको. १८१९च्या सुमारास कॅप्टन ब्रिग्ज यांनी पेठेचे सरळ रस्ते आखून दिले आणि त्या गल्ल्या लोक आजही नंबरानेच सांगतात. चार नंबर गल्ली पाच नंबरात सरकली, असं कधी ऐकलं नाही. मात्र पान हलणार नाही एवढीच हमी असते. पानावर जे आहे ते खरं आहे, ही हमी कुठलीच फाइल देत नाही. पुढचं सगळं याच भानगडीबद्दल आहे.

आता निवड करा. निवड अशी नाहीच म्हणा, कारण काउंटरवर एकच शब्द चालतो. अडोबी कंपनीचे जॉन वॉरनॉक यांनी १९९१मध्ये या कल्पनेचं टिपण लिहिलं आणि १९९३मध्ये पीडीएफ बाजारात आली. सुरुवातीला ती नुसती वाचायचं सॉफ्टवेअरही विकत घ्यावं लागे. ते फुकट केलं आणि गाडी धावली. २००८मध्ये पीडीएफ आंतरराष्ट्रीय मानक झाली, म्हणजे तिचा आराखडा एका कंपनीच्या मुठीत राहिला नाही. आता सातबारापासून नवरदेवाच्या बायोडेटापर्यंत सगळं त्याच साच्यात येतं.

एक्सपीएस ही मायक्रोसॉफ्टने व्हिस्टाच्या काळात काढलेली प्रतिस्पर्धी. ती मुद्दाम कोणी बनवत नाही, ती होते. घरी प्रिंटर नसताना प्रिंटचं बटण दाबलं की कॉम्प्युटर फाइलीचं नाव विचारतो, आपण खुशीत नाव देतो, आणि जे तयार होतं ते सेंटरवर उघडत नाही. विंडोज १०च्या २०१८नंतरच्या नव्या इन्स्टॉलेशनमध्ये तर ती उघडणारा प्रोग्रामही आपोआप येत नाही. एक्सपीएसबद्दल एवढं पुरे.

तिसरी मात्र गुणी. लिहायची डीजेव्हीयू, म्हणायची देजाव्यू. एटी अँड टीच्या प्रयोगशाळेत नव्वदच्या दशकात ती तयार झाली. करणाऱ्यांत यान लकून होते, तेच जे पुढे एआयमुळे गाजले. युक्ती अशी की स्कॅन केलेल्या पानावरची शाई आणि कागद वेगळे काढायचे. पिवळा पडलेला कागद ढोबळ ठेवला तरी चालतो, अक्षरं मात्र रेखीव हवीत. शिवाय पानावर 'क' चाळीसदा आला तर त्याचा आकार एकदाच साठवायचा आणि बाकी ठिकाणी फक्त जागा नोंदवायची. रंगीत पान ४० ते ७० केबीत बसतं, असा निर्मात्यांचा दावा होता. १८८०चं खानदेश गॅझेटियर, म्हणजे मुंबई इलाख्याच्या मालिकेतला बारावा खंड, किंवा इतिहाससंशोधक राजवाड्यांचे 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे २२ खंड अशा जुन्या छपाईसाठी याहून चांगली पेटी नाही. पण ब्राउझरांनी तिला दार उघडलं नाही, आणि इंटरनेट आर्काइव्हने २०१६मध्ये नव्या पुस्तकांच्या देजाव्यू फाइली करणं थांबवलं. हुशार मुलगा, नोकरी नाही.

हा 'आकार एकदाच साठवा' प्रकार नवशिक्याने नीट समजून घ्यावा. काळ्या-पांढऱ्या स्कॅनच्या पीडीएफच्या पोटातही तो असतो, तिथे त्याला जेबिग-टू म्हणतात. २०१३मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने घराचा नकाशा झेरॉक्स कंपनीच्या मशिनवर स्कॅन केला. तीन खोल्यांची क्षेत्रफळं होती १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर. स्कॅनमध्ये तिन्हींवर १४.१३! मशिनला आकडे सारखे वाटले आणि त्याने एकाचा ठसा सगळीकडे लावला. अक्षर पुसट झालं असतं तर शंका तरी आली असती, पण आकडा स्वच्छ, ठळक आणि चुकीचा होता. आता सातबाऱ्यावरचे हेक्टर-आर आठवा, पुसट शाईतला १ आणि ९ आठवा, आणि भाऊबंदकी आठवा.

म्हणून आकड्यांचा कागद स्कॅन करताना 'ब्लॅक अँड व्हाइट' नको, 'ग्रे' किंवा 'कलर' सांगा. फाइल मोठी होईल. मग पोर्टल म्हणेल, २०० केबीच्या आत पाहिजे. सेंटरवाला दाबायला लागेल. पहिल्या दाबात तहसीलदारांचा शिक्का जांभळा ढग होतो, दुसऱ्यात सही जाते, तिसऱ्यात फाइल १९८ केबीची होते आणि सेंटरवाला विजयी मुद्रेने तुमच्याकडे बघतो. अशा वेळी थांबवा. पान कडेने कापायला सांगा, कोरे समास आणि टेबलाची लाकडी कड सोडून द्या. निम्मं वजन तिथेच असतं.

डिजिटल सहीचा सातबारा ही वेगळी जात. ती सही फाइलीत असते, कागदावर नसते. अडोबी रीडरमध्ये उघडल्यावर तिथे प्रश्नचिन्ह दिसलं तर सातबारा खोटा ठरत नाही. त्या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवायला तुमच्या कॉम्प्युटरला अजून कोणी सांगितलेलं नसतं. तरीही आपल्याकडे रूढ पद्धत अशी: पीडीएफची प्रिंट, प्रिंटची झेरॉक्स, झेरॉक्सवर 'खरी प्रत' शिक्का, त्याचा मोबाइलने फोटो, आणि फोटोची पीडीएफ. या प्रवासात सही पहिल्याच स्टॉपला उतरते. १९२६मध्ये धुळ्यात वारलेल्या राजवाड्यांनी अस्सल कागदासाठी गावोगावची दप्तरं धुंडाळली; त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ पुढच्याच वर्षी याच गावात उभं राहिलं. अस्सल आणि नक्कल हा भेद निदान आपल्या भागाने विसरू नये. मूळ फाइल आहे तशीच पुढे पाठवा.

मराठी मजकुराचं दुखणं निराळंच. जुन्या डीटीपीवाल्याने श्री-लिपीत केलेली पीडीएफ दिसते सुरेख, पण तिच्यात 'केळी' शोधा, एक घड सापडणार नाही. फाइलीत चित्र देवनागरीचं आणि पोटात भलतीच इंग्रजी चिन्हं. युनिकोडनेही सगळं सुटत नाही. पीडीएफ अक्षरांच्या आकृत्या जागेवर मांडते, त्यामुळे कॉपी-पेस्ट करताना वेलांट्या आणि जोडाक्षरं गळतात. पीएचडीवाल्यांनी हे आधीच तपासावं, कारण विद्यापीठाचा प्रबंध शोधगंगेवर प्रकरणवार पीडीएफमध्ये चढतो आणि जन्मभर तसाच दिसतो. (न शोधता येणं काही प्रबंधांच्या पथ्यावर पडतं, तो भाग वेगळा.)

मोबाइलवर वाचायचं असेल तर पान हलणारी ईपब बरी. पीडीएफ डावी-उजवीकडे सरकवत वाचायला लागलात, तर जळगावहून निघालेली एसटी एरंडोलला पोचते आणि तुम्ही त्याच पानावर असता.

शेवटी, कागद वर्षानुवर्षं टिकवायचा असेल तर पीडीएफ/ए हा प्रकार घ्या. २००५चं मानक आहे. फॉन्ट फाइलीच्या आत बांधलेले असतात आणि पासवर्डला मनाई असते. घरी लिब्रेऑफिस असेल तर पीडीएफ करताना त्याची चौकट दिसते, तिच्यावर टिक करा. सेंटरवर जाऊन 'भाऊ, पीडीएफ/ए करून द्या' म्हणालात, तर तो मान वर न करता विचारील, "ए-फोरच ना?" हो म्हणा, मागे रांग आहे.